जपानी भाषेच्या वर्गांत

वरच्या इयत्तांतील मुलांस जपानी भाषा शिकवावयास घेतल्यापासून पालकांचा एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो: "मास्तर, ह्याचा पुढें उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या आसपास जपानी कारखाने आहेत, दुभाष्यांस काम मिळतें, हें मी त्यांस सांगतों. परंतु माझ्या मनांतलें उत्तर याहून थोडें लांब आहे, व तें दारांत उभ्याउभ्या सांगण्यासारखें नाहीं. म्हणून येथें लिहितों.

मराठी मुलानें जपानी व्याकरणाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. "मी पुस्तक वाचतों" हें वाक्य जपानींत "वाताशी वा होन ओ योमिमासु" असें होतें. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं. विभक्तीचें काम नामामागून येणारे लहानसे शब्द करतात: "मुलाचें पुस्तक" म्हणजे "कोदोमो नो होन". इंग्रज विद्यार्थ्यास जेथें सारें वाक्य उलटें फिरवावें लागतें, तेथें आपला मुलगा सरळ चालत जातो. अक्षरांचा क्रम पाहून तर वर्गास नवल वाटतें: अ, इ, उ, ए, ओ; मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अक्षरांच्या अभ्यासांतून हा क्रम तेथें रूढ झाला. "मग प च्या जागीं ह कसा?" असें एका मुलीनें विचारलें, तेव्हां मला मोठा आनंद झाला, कारण जपानींतील ह चा उच्चार प्राचीन काळीं प असा होत असे, आणि त्याची खूण ह्या क्रमांत राहिली आहे. चिनी अक्षरें मात्र कष्टाचीं. त्यांस "कांजी" म्हणतात हें ऐकून मुलें हसतात. नित्य व्यवहारासाठीं ठरविलेलीं अशीं २,१३६ अक्षरें आहेत हें कळलें कीं हसूं मावळतें.

परंतु हीं अक्षरें घोटून येतात. घोटून न येणारें तें निराळेंच. जेवणापूर्वीं जपानी मूल "इतादाकिमासु" म्हणतें. ह्याचें भाषांतर करा, असें मीं वर्गास सांगितलें. वसतिगृहांतील मुलांनीं प्रभूचे आभार मानले. इतरांनीं घरच्या श्लोकांतील शब्द योजिले. दोन्ही भाषांतरें सद्भावाचीं, पण दोन्ही आपल्या घरचीं. मूळ शब्दांत देवाचें नांव नाहीं, देणाराचेंहि नाहीं. "नम्रपणें स्वीकारतों" एवढाच त्याचा अर्थ. कोणाकडून? शेतकरी, रांधणारी आई, ज्याचा जीव गेला तो मासा. म्हणणारानें काय तें समजावें. आपल्या मनांतील देव दुसऱ्याच्या तोंडीं घालण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

हा प्रश्न एकदां गोव्याहून जपानास जाऊन आला आहे. अंजिरो नांवाचा जपानी गृहस्थ गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयांत शिकला व १५४८ सालीं तेथेंच त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यास बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलांत गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजीं कागोशिमा येथें उतरले. देवासाठीं अंजिरोनें "दायनिची" हा शब्द सुचविला. तो कांहीं धर्मग्रंथांचा पंडित नव्हता. दायनिची म्हणजे शिंगोन पंथाच्या बौद्धांचा महावैरोचन बुद्ध. त्या पंथाचे भिक्षू हा आपलाच उपदेश समजून संतोषले. १५५१ सालीं यामागुची येथें खरा प्रकार ध्यानांत आल्यावर झेवियर यांनीं तो शब्द टाकला व लॅटिन "देऊस" हाच चालू केला. तोंवर वक्ता एक सांगत होता व श्रोता दुसरेंच ऐकत होता.

पालकांस द्यावयाचें माझें उत्तर तें हेंच. कारखान्यांतहि समोरचा जपानी गृहस्थ मधूनमधून "हाय" म्हणतो. त्याचा अर्थ पुष्कळदां "ऐकतों आहें" एवढाच असतो, "मान्य आहे" असा नव्हे. कोशांत "होय" पाहून आलेला दुभाष्या तेथें धन्याचें नुकसान करून बसेल.

झेवियर यांच्या मागून गेलेल्या मिशनऱ्यांनीं अभ्यास मनापासून केला. १६०३ सालीं नागासाकी येथें निघालेल्या त्यांच्या जपानी-पोर्तुगीज कोशांत सुमारें ३२,००० शब्द आहेत. पुढील वर्षापासून जुआंव रॉद्रिगिश यांचें व्याकरण छापलें जाऊं लागलें. त्यांत आदरार्थी भाषेचा, पत्रांच्या रीतीचा, काव्याचाहि विचार आहे. व्याकरणांत काव्य कशास, असें कोणी म्हणेल. मला तर तोच भाग अधिक आवडतो.

पुढें प्रॉटेस्टंट मंडळींनीं देवासाठीं "कामी" हा शब्द पत्करला, आणि जपानी बायबलांत आज तोच आहे. शिंतो देवळांतील देवतांसहि कामीच म्हणतात. हें योग्य झालें काय, ह्यावर वरच्या वर्गाकडून मीं ह्या वर्षीं निबंध लिहविले. आपल्या मराठी पवित्र शास्त्रांतहि "देव" हाच शब्द आहे, व गांवच्या प्रत्येक देवळांतहि तोच, मग जपान्यांसच दोष कां, असें एकानें लिहिलें आहे. शब्द जुनाच ठेवला तर ऐकणाराच्या मनांतला अर्थ बदलावा कसा, असें दुसरीनें विचारलें आहे. दोघांसहि मीं सारखेच गुण दिले. तें त्यांस पटलेलें नाहीं. मधल्या सुट्टींत वाद अजून चालूच आहे.