गोड धार, खारें सरोवर

शनिशिंगणापुरीं शनिदेवाच्या शिळेस तैलाभिषेक करून आम्ही जालन्याच्या वाटेनें लोणारास गेलों. समुद्र दूर, पण खाऱ्या पाण्याचा धर्म पाहावयाचा तर देशावर दुसरें असें स्थळ नाहीं. घरांस कवाड न लावणाऱ्या गांवाहून निघून, माशांस सहसा दार बंद असलेल्या पाण्याशीं आम्ही आलों!

उल्कापातानें झालेल्या या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. कांठावरील गोमुखाची गोड धार खालीं सरोवरास मिळते. तेथून पाण्यास बाहेर वाट नाहीं. उन्हानें पाणी उडतें, क्षार मागें राहतात. समुद्राचेंही तेंच. त्याच्या किलोभर पाण्यांत सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून तें गोड्या पाण्याहून जड असतें व गोठण्यास उणे दोन अंशांच्या आसपासची थंडी लागते. समुद्रांतला मासा खारें पाणी पिऊन जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. नदीच्या बहुतेक माशांस ही विद्या अवगत नाहीं. लोणारीं तर मिठाच्या जोडीस सोडाही आहे.

जून २०२० मध्यें पाणी आटून क्षार वाढले, तेव्हां मिठावरच पोसणाऱ्या सूक्ष्मजीवांनीं सरोवर गुलाबी केलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें तपासलें. पावसानंतर रंग ओसरला.

गोमुखाखालील स्नान लोक पुण्यप्रद मानतात. आम्हांस भय त्या गोड पाण्याचेंच वाटतें. तें फार झालें, तर खालचे हे जीव राहावयाचे नाहींत.