एका ओळीत एक काम

१. फाईलचं नाव टूडू डॉट टीएक्सटी. एका ओळीत एक काम. जीना ट्रापानी या बाईंनी २००६ मध्ये ही पद्धत काढली, सोबत एक छोटी शेल स्क्रिप्ट. अ‍ॅप नाही, खातं उघडणं नाही. काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर.

२. महत्त्वाच्या कामापुढे कंसात ए लावायचा. मग बी, सी. झेडपर्यंत सोय आहे. माझ्याकडे अकरा ए आहेत. बी एकही नाही.

३. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स आणि तारीख लागते, आणि ती ओळ डन डॉट टीएक्सटीत जाऊन पडते. काल ती फाईल सहज चाळली. १४ मार्च : 'दाढीचं सामान'. त्या दिवशी तेवढंच.

४. ऑफिसची कामं मी इंग्रजीत लिहितो, घरची मराठीत. स्क्रिप्ट यादी दाखवते ती अक्षरांच्या संगणकी क्रमाने. त्यात रोमन आधी, देवनागरी बरीच नंतर. त्यामुळे 'आईचे डोळे तपासणे' कायम इंग्रजी कामांच्या खाली. वर आणायचं तर पुढे ए लावा. तोही रोमनच.

५. 'काम' साठवायला नऊ बाइट लागतात. त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाला चार.

६. यादीतलं चार नंबरचं काम झालं, तसं स्क्रिप्टला सांगितलं. ती ओळ निघाली आणि खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकल्या. मी घाईत वरच्या बाणाची कळ दाबून तोच हुकूम पुन्हा सोडला. नवा चार नंबर होता 'गॅसचा नंबर लावणे'. तो 'झाला'. गुरुवारी पोळ्या करताना सिलिंडर संपला.

ओळ पुसायला सांगितली तर हीच स्क्रिप्ट आधी विचारते, खरंच पुसू का? झालं म्हटलं की मात्र विश्वास ठेवते.

७. टास्कवॉरियर नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम कामांना निकडीचे गुण देतो. मुदत डोक्यावर आली तर १२ पर्यंत. काम नुसतंच जुनं होत गेलं तर वर्षभराने २. हात सढळच म्हणायचा.

८. ओळखीतल्या एकाने तीन दिवस खपून लॅपटॉपवरची यादी फोनवर आपोआप जाईल असं केलं. यादीतलं पहिलं काम : यादी फोनवर आणणे.

९. फाईलमधल्या ओळी शोधणारा ग्रेप हा हुकूम १९७३ चा. कालनिर्णयही १९७३ चं.

आई दुधाचे खाडे कालनिर्णयच्या चौकोनात मांडते. महिनाअखेर बोट फिरवून म्हणाली, पाच. मी तेच खाडे फाईलमध्ये लिहीत होतो. ग्रेपला मोजायला लावले. चार. मी पैजेवर आलो. मग दिसलं, एका ओळीत दोन तारखा लिहिल्या होत्या, आणि ग्रेप ओळी मोजतो. दूधवाल्याने पाचच धरले होते.

१०. टर्मिनलच्या काळ्या पडद्याला प्रत्येक अक्षर ठरावीक चौकटीत बसायला हवं असतं. 'नळदुरुस्ती'तला उकार शेजारच्या अक्षराच्या अंगावर गेलाय. नळ गळतोच आहे.

११. रविवारी आईला विचारलं, डोळे तपासायला कधी जायचं? म्हणाली, झाले की. मंगळवारीच शेजारच्या काकूंबरोबर जाऊन आले, नंबर वाढलाय थोडा.

या वेळी ओळीचा क्रमांक दोनदा पाहिला, मग एक्स लावला. तारीख रविवारची पडली.