लागला का? नाही! आता?

उजव्या बाजूचा इंडिकेटर लागेनासा झाला, की आमच्या आळीत निदान चार-पाच जणांना काम मिळायचं. स्टिअरिंगवर गाडीचे मालक अण्णा. पुढच्या दिव्यासमोर उकिडवं बसलेलं एक पोर, मागच्या दिव्यासमोर दुसरं. पत्र्याच्या डब्यातून मागतील ती वस्तू हातावर ठेवायला तिसरं. आणि गाडीतलं ओ की ठो न कळणारे एक शेजारी, फक्त सल्ल्यापुरते. मग अण्णांची आरोळी यायची. "लागला का?" "नाही!" "आता?" "नाही!" "आता बघ रे." "लागला, लागला... गेला!" "कुठला गेला? पुढचा की मागचा?" यावर पुढच्या आणि मागच्या पोरात जी जुंपायची, ती मिटेपर्यंत बॅटरी उतरायला आलेली असायची.

हे तुमच्याकडेही झालं असणार. गाडी नसेल तर मामांची जीप असेल, शेजारच्या डॉक्टरांची अँबेसेडर असेल. आमच्या साताऱ्याच्या आळीत गाडी म्हणजे फियाट. कागदोपत्री तिची नावं बदलत गेली. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, 1974 पासून पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची, पण 'प्रीमियर आली' असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. फियाट ती फियाट. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून आलेली, त्यामुळे म्हातारी झाली तरी ती 'नवी गाडी'च राहिली. मालक एक आणि वापर आळीचा. लग्नाची वरात तिच्यातून, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तिच्यातून, मुंबईच्या पाहुण्यांना स्टँडवर सोडायचं तिच्यातून. मग तिच्या इंडिकेटरची काळजी एकट्या अण्णांनी का करायची?

अण्णांच्याही आधीच्या पिढीला मिचकावणारा दिवा माहीत नव्हता. जुन्या मॉरिस मायनरला दाराच्या मागच्या खांबात एक नारिंगी दांडी लपवलेली असे. आतून खटका दाबला की ती आडवी बाहेर यायची आणि तिच्या पोटात बारीक दिवा लागायचा. निदान यायला हवी अशी अपेक्षा असायची. गंजली की अडकून बसे, आणि त्यावर सर्वमान्य उपाय म्हणजे आतल्या बाजूने खांबाला एक बुक्की. दांड्या गेल्या, दिवे आले, बुक्कीचा उपाय मात्र वारसाहक्काने पुढच्या गाड्यांकडे चालत आला. दिवा लागला नाही की आधी दिव्यावर थाप, मग डॅशबोर्डवर थाप, मग उरलीच तर पोराच्या पाठीत.

खरा तपास सुरू व्हायचा तो कानाने. डॅशबोर्डखाली अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची डबी असे, तोच फ्लॅशर. आत धातूची पट्टी. वीज वाहिली की पट्टी तापते, वाकते, जोड तुटतो, दिवा विझतो; पट्टी निवली की पुन्हा जोड लागतो. एवढाच काय तो तिचा संसार, आणि त्याचीच ती टिक-टक. इंडिकेटरचा एकेक बल्ब 21 वॉटचा. पुढचा आणि मागचा मिळून 42, म्हणजे बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर. एवढी वीज वाहिली तरच पट्टी हव्या त्या चालीने तापणार. एक बल्ब गेला की वीज निम्म्यावर, मग उरलेला बल्ब नुसता जळत तरी राहायचा किंवा टिकटिक भलत्याच तालात तरी पडायची. त्यामुळे मागच्या सीटवरून काकूसुद्धा सांगायच्या, "अहो, डावीकडचा गेलाय वाटतं. आवाज वेगळा येतोय." काकूंना बल्बचे वॉट ठाऊक नव्हते, पण त्यांचं निदान सहसा चुकलं नाही.

आवाजाची आणखी एक खोड होती. जुन्या डायनामोच्या गाडीत सिग्नलला इंजिन मंद चालू असलं की डायनामो वीज देईनासा व्हायचा. दिवे पिवळे पडायचे, इंडिकेटर पेंगायला लागायचा. टिक... बऱ्याच वेळाने... टक. अण्णा ॲक्सिलरेटर जरा दाबायचे, की लगेच टिकटक टिकटक. आम्हा पोरांना वाटे, अण्णा पायाने इंडिकेटर वाजवतात.

बल्बही ठीक, फ्लॅशरही ठीक, तरी दिवा नाही, तर फ्यूज. चिनी मातीच्या बोटभर तुकड्यावर बसवलेली धातूची पट्टी. पुष्कळ जुन्या गाड्यांत इंडिकेटर, वायपर आणि पेट्रोलचा काटा एकाच फ्यूजवर असत. म्हणून अण्णा आधी काट्याकडे पाहत. काटाही तळाला गेला असेल तर फ्यूज, काटा जागेवर असेल तर पुढे चला. फ्यूज जळालेलाच असे असंही नाही. टोकांना हिरवट थर चढायचा आणि वीज तिथेच अडायची. दोन बोटांत धरून तो जागच्या जागी फिरवला की एवढा मोठा बिघाड मिटायचा. आणि खरंच जळाला असेल तर काही घरांत सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवत. हे मात्र कौतुकाने सांगायचं नाही. फ्यूज वितळायच्या ऐवजी वायर वितळायची, आणि जळक्या रबराचा वास पुढे कित्येक महिने गाडीत राहायचा. अण्णांनी ते कधी केलं नाही. त्यांच्या डब्यात फ्यूज असायचेच.

डब्याबद्दल सांगायलाच हवं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर गुलाबाची फुलं. आत पॉलिशपेपरचे तुकडे, काळी टेप, वायर सोलायला दाढीचं जुनं ब्लेड, केस झडलेला टूथब्रश, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, फडकं, आणि एका होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्टिंगचा दिवा. शिवाय गेलेले बल्ब. गेलेले का ठेवायचे? कारण मागच्या दिव्यातल्या बल्बला दोन तारा असतात, एक रात्रीची, एक ब्रेकची. एक गेली तरी दुसरी शाबूत. "असू दे, कुठेतरी उपयोगी पडेल." तो कुठे उपयोगी पडला ते आजवर कळलेलं नाही. त्या बल्बच्या दोन खुंट्या वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. पण आमच्यातल्या एकाने जोर लावून तो उलटा बसवून दाखवला होता. मग रात्री मागचा दिवा भगभगीत, आणि दिवसा ब्रेक दाबला की मिणमिणता.

सगळ्यात चिवट दुखणं अर्थिंगचं. यात गाडीचा दोष नाही, दोष साताऱ्याच्या पावसाचा. दिव्याकडे एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याचं भांडं पत्र्याला जिथे स्क्रूने कसलेलं, तिथे गंज धरला की परतीचा रस्ता बंद. त्यात काचेमागचं रबर विटून गेलेलं. श्रावणापर्यंत इंडिकेटरच्या काचेत गप्पी मासे सोडावेत इतकं पाणी. मग वीज आडवाटेने परतायची. उजवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही मंद मिचकायचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर उजळायचा. "अण्णा, सगळेच लागलेत!" असं मागचं पोर ओरडलं, की अण्णा न उतरताच म्हणायचे, "अर्थ गेला."

मग दोन स्क्रू काढायचे. ते निघायचे नाहीत. रॉकेलचे थेंब सोडून वाट पाहायची, तेवढ्यात चहा. स्क्रू निघाले की काच काढून पुसायची, ते काम काकूंचं, कारण पोरांच्या हातून ती फुटणार हे ठरलेलं. होल्डर टूथब्रशने घासायचा. भांड्याचा मागचा भाग आणि पत्र्यावरची जागा पॉलिशपेपरने घासायची, लालसर भुकटी संपून खालचं लोखंड लखलखीत दिसेपर्यंत. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून रबराच्या जागी बसवायची. सगळं जिथल्या तिथे कसून झालं की पुन्हा आरोळी. "लागला का?" "नाही!" "आता?" "आता लागला!" या वेळी मात्र सगळी आळी ऐकायची, कारण शेजारीही बाहेर येऊन म्हणायचे, "मी म्हटलं नव्हतं?"

काही दुखणी घरी आवरत नसत. वळण संपलं की स्टिअरिंगच्या दांड्याचा खुंट इंडिकेटरची काडी परत ढकलतो. खुंट झिजला की काडी तिथेच. तशा गाडीत टिकटिक ऐकत पोवई नाक्यापासून थेट घरापर्यंत उजवीकडे वळण्याची धमकी देत यायचं. त्यावर इलाज बॅटरीवाल्या चाचांकडे, किंवा पुण्याला नाना पेठेत. पुण्याला जाणाऱ्या कुणाही माणसाकडे अण्णा जुना स्विच कागदात गुंडाळून द्यायचे. नमुना सोबत असल्याशिवाय भाग आणायचा नाही, हा नियम. तो माणूस लग्नाला निघालेला असला तरी.

तोवर हात होता. लायसन्सच्या परीक्षेत हाताचे इशारे करून दाखवावेच लागत. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तरी उजवाच हात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने गोल फिरवायचा. हळू व्हायचं तर तळवा खाली करून वरखाली. पावसात या शिस्तीची परीक्षा व्हायची. घरी पोचेपर्यंत अण्णांची उजवी बाही दंडापर्यंत भिजलेली आणि डावी इस्त्रीची. क्लीनर साईडला बसलेल्या पोराला डावा हात काढायची ड्यूटी मिळे, आणि ते पोर वाटेतल्या सगळ्या ओळखीच्यांनाही हात करायचं.

आणि खंबाटकीचा घाट! तिथे इंडिकेटरचा अर्थच वेगळा. पुढच्या ट्रकने उजवा दिला तर तो उजवीकडे येणार, की 'या, पुढे काढा' म्हणतोय? अण्णा एकदा हॉर्न द्यायचे, मग क्लीनरचा हात बाहेर येईपर्यंत थांबायचे. दिव्यापेक्षा हातावर त्यांचा विश्वास जास्त होता. मला विचाराल तर बरोबरच होतं.

2000 च्या सुमाराला फियाटचं उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आताच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा आवाजही स्पीकरमधून काढलेला असतो.

आमची फियाट आता पुतण्याकडे आहे, चालू स्थितीत. गेल्या दिवाळीत त्याने हौसेने इंडिकेटरला एलईडी लावले. दिवे लागले, पण मिचकेनात. तो नेटवर दिवसभर शोधत होता. ओसरीवरून काकू म्हणाल्या, "अरे, त्या दिव्यांना वीजच एवढीशी लागते, डबी तापणार कशी? डबी बदल, नाहीतर जुने बल्ब लाव." त्याने इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला. दिवे झकास मिचकायला लागले, पण आवाज काही येईना. काकूंना ते पसंत पडलं नाही. मग त्याने आतून एक बझर बसवला, आणि आता डावीकडे वळताना आमची फियाट रिव्हर्समधल्या टेंपोसारखी ओरडते.