पन्नास बनियानांवर एकच वाघ

आमच्या भंडारा जिल्ह्यात नक्षी कापडावर नंतर उमटवायची नसे, ती मागावरच विणली जाई. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा आणि काठावर करवतीचे दाते असलेली करवतकाठी ही त्याची ओळख. पण कोसा लग्नाकार्याचा. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळात रोजच्या कापडावर हौस करायची तर घरचीच युक्ती लागे.

बायकांकडे खाका असायचा. ट्रेसिंग पेपरवर वेल किंवा राघू काढायचा, रेषेवरून सुईने बारीक टोचे मारायचे, कागद कापडावर धरायचा आणि रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की ठिपक्याठिपक्यांची नक्षी हजर. मग तिच्यावर साखळी टाका. तोच कागद उलटा ठेवला की राघूचं तोंड दुसरीकडे वळे. घरोघरच्या अभ्र्यांवर दोन राघू समोरासमोर बसलेले असत, त्यामागचं गुपित एवढंच. एक खाका अख्ख्या आळीत फिरायचा. ‘वहिनी, राघू कोणाकडे आहे?’ असं विचारलं तरी कुणाला नवल वाटत नसे.

पोरांची गरज वेगळी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू झाली, कबड्डीचे सामने लागले की सँडो बनियानावर नंबर हवा. कोणाच्या तरी मोडलेल्या पायाचा एक्स-रे मागून आणायचा आणि ब्लेडने त्यात आकडा कापायचा. इंग्रजी आठाच्या पोटातली दोन वाटोळी गळून पडू नयेत म्हणून मध्ये बारीक पट्ट्या ठेवाव्या लागत. जुन्या फोटोंतले आकडे तुटके दिसतात ते त्यामुळे. पाट्या रंगवणारा पेंटर उरलेला ऑइल पेंट द्यायचा. तो वाळला की बनियान पापडासारखी कडक व्हायची आणि पाठ खाजत खाजत चढाई करावी लागे.

मग स्क्रीन आली. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी 1907 साली तिचं पेटंट घेतलं होतं. आमच्याकडे ती लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या हातून पोचली. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणायचं, अंधारात त्यावर इमल्शनचा थर द्यायचा, वर चित्राची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. काळ्या रेषांखालचा थर कच्चा राहतो. तो पाण्याने धुतला की जाळी तेवढ्याच जागी उघडते. मग बनियान खाली सरकवायची, रंग ओतायचा आणि रबराने ओढायचा.

पण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, आणि स्क्रीन बनवायचा खर्च एका बनियानला जितका, तितकाच पन्नासांना. एकट्यादुकट्याचं काम परवडायचंच नाही. म्हणून पारावर मंडळ बसे. वाघ की बजरंगबली? लाल की निळा? गावाचं नाव वर की खाली? ‘आपला वाघ मांजरावानी दिसते गा!’ अशी वादावादी होऊन एक चित्र, एक रंग ठरायचा, वर्गणी निघायची. खेळाडूचं नाव कुठेच नसे. छातीवर फक्त अड्याळ.

आज चित्र मोबाइलवरून भंडाऱ्याच्या दुकानात पाठवलं की झालं. सब्लिमेशनमध्ये कागदावरची शाई सुमारे 200 अंशांच्या दाबयंत्रात वाफ होऊन धाग्यात शिरते. हाताला काही लागत नाही आणि धुण्यात जातही नाही. मात्र कापड पॉलिस्टरचं आणि फिक्या रंगाचं हवं. सुती किंवा काळ्या टी-शर्टसाठी डीटीएफ. फिल्मवर रंग, त्यावर पांढऱ्याचा थर, त्यावर गोंदाची भुकटी. ती तापवून वितळवली आणि फिल्म कापडावर दाबली की काही सेकंदांत चित्र चिकटतं. ते कापडाच्या वर बसतं, म्हणून टी-शर्ट उलटा करूनच इस्त्री फिरवायची. दाब नीट बसला नसेल तर काही धुण्यांत चित्राला तडे जातात.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. एकच नग छापून मिळतो. पोरींच्या सात जणींच्या संघालाही आता स्वतःच्या नावाचे टी-शर्ट मिळतात. स्क्रीनच्या हिशेबात त्या बसल्याच नसत्या. ‘श’चा ‘ष’ झाला तर फाइल सुधारायची, संपलं. पूर्वी ती चूक हंगामभर छातीवर मिरवावी लागे.

पण पन्नासांनी एका चित्रावर एकमत करायची सक्तीही गेली. आता पाठीवर ज्याचं त्याचं नाव असतं आणि छातीवर टी-शर्ट फुकट देणाऱ्या भाऊंचा हसरा चेहरा. वर्गणी नाही, म्हणून बैठक नाही; बैठक नाही, म्हणून वाघाच्या मिश्यांवरून भांडणही नाही. यंत्राला पन्नास माणसं लागत नाहीत, हा काही यंत्राचा दोष नव्हे. पाठ ज्याची त्याला देऊन टाकावी, पण छातीवर काय छापायचं हे या मंडईला तरी पारावर बसून ठरवावं. आणि पैसे वर्गणीचेच असावेत.