शोरूमचा कॅमेरा आणि माझी सहा ओळींची बातमी

पोस्ट जरा लांब आहे. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण टाळत होतो. कारण यातली एक चूक माझी आहे.

सोलापूर-धुळे महामार्गाला लागून माझ्या एका मित्राचं ट्रॅक्टर आणि अवजारांचं दुकान आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा दुकानांचं रूप आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढं काचेचं शोरूम, त्याला शटर, शटरला दोन-दोन कुलपं. आणि लाखोंचा माल मात्र मागं, तारेच्या कुंपणात, उघड्यावर. नवे ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पलटी नांगर, आणि हप्ते थकले म्हणून ओढून आणलेले जुने ट्रॅक्टर.

एका रात्री मागचं कुंपण कापलं गेलं. अख्खा ट्रॅक्टर कुणी नेला नाही. तो न्यायचा कुठं आणि विकायचा कुणाला? गेल्या त्या चौदा बॅटऱ्या, दोन पाणबुडी मोटारी आणि केबलची बंडलं. बॅटरीतलं शिसं आणि केबलमधलं तांबं भंगारात किलोवर विकलं जातं, त्याच्यावर नंबर नसतो. शेतातल्या मोटारी आणि केबल जातात त्याचं कारणही हेच.

दुकानात आठ कॅमेरे होते. पण रेकॉर्डिंग साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, काउंटरखालीच ठेवलेला. चोरांनी मालाबरोबर तोही उचलला. मित्र मला म्हणाला, "चोरानं पुरावा पण नेला की रे!" आठही कॅमेरे भिंतीवर जागच्या जागी होते. पण त्या रात्री त्यांच्यातून बघणारं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळच्या पारधी वस्तीवरच्या तीन पोरांना चौकशीसाठी नेलं. मला फोन आला. मी सहा ओळींची बातमी केली. "चौकशीसाठी" हा शब्द शेवटच्या ओळीत टाकला आणि "पारधी वस्तीवरील तिघे ताब्यात" हे मथळ्यात घेतलं. वीस वर्षं अशाच बातम्या करत आलोय. हात आपोआप चालला.

सकाळी त्यातल्या एका पोराची आई ऑफिसच्या पायरीवर येऊन बसलेली. "दादा, तुमी छापलंय व्हय? माझं लेकरू त्या रात्री कारखान्यावर उसाच्या गाडीसंगं हुतं. मुकादमाला इचारा की." मी म्हणालो, "विचारतो, मावशी." विचारलं नाही. त्या दिवशी पालकमंत्र्यांचा दौरा होता.

पोरांना सोडून दिलं. नऊ दिवसांनी रस्त्यापलीकडच्या धाब्याच्या कॅमेऱ्यात एक पिकअप सापडली आणि तिच्यातून उतरणारा माणूसही. तो दुकानाचाच जुना मेकॅनिक होता. कुंपण कुठं कमजोर आहे आणि डीव्हीआर कुठं आहे, हे त्याला माहीत असणारच. ती बातमी मी आतल्या पानावर चार ओळींत दिली. मेकॅनिकची जात छापली नाही. छापायची नव्हतीच. मग त्या तीन पोरांची का छापली? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आजही नाही.

इतिहास आपल्याला माहीत नाही असं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. तारेचं कुंपण काढलं, पण ते आमच्या मथळ्यांत राहिलं.

आता कॅमेऱ्याकडं येतो. मित्रानं पुढं जी व्यवस्था घेतली तिला लांबून देखरेख म्हणतात. बँकांच्या बऱ्याच एटीएममध्ये वॉचमन जाऊन हीच आली आहे. रात्री कुंपणाजवळ माणूस हलला की पुण्यातल्या कंट्रोल रूमच्या पडद्यावर सूचना जाते. तिथला माणूस थेट बघतो, स्पीकरवरून बोलतो, मग मालकाला आणि गरज पडली तर ११२ ला फोन करतो. रेकॉर्डिंग दुकानात न राहता दुसरीकडं साठतं, त्यामुळं डबा नेऊन काही उपयोग नाही. लाईट गेली तर बॅटरी, वायर कापली तर सिमकार्डावर चालतं.

पहिल्या आठवड्यात गंमत झाली. रात्री दोन वाजता स्पीकर गरजला, "कुंपणाजवळ कोण आहे? आम्ही तुम्हाला पाहतोय!" आमचे साठी उलटलेले वॉचमन मामा कंदिलासारखी बॅटरी वर धरून ओरडले, "आरं बाबा, मी हाय, राखणदार! लघवीला आलतो!" मित्र मामांना काढायच्या विचारात होता. दोन्हीचा खर्च कशाला, असा त्याचा हिशेब. मी म्हणालो, पुण्याचा आवाज ओरडेल, पण गोठ्यातून सुटलेली म्हैस कोण हाकलेल? मामा राहिले. मामांच्या घरी चूल पेटायची ती याच पगारावर.

पुढं एकदा खरोखरच एक गाडी मागच्या बाजूला थांबली. दोघं उतरले. आवाज आला, मामांची बॅटरी फिरली, दोघं गाडीत बसून पसार. चोरी झाली नाही. आणि चोरी झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाच्या वस्तीवर गाडी गेली नाही, कुणाची आई माझ्या पायरीवर आली नाही. ही व्यवस्था मला पटली ती यासाठी.

दुकानदार मित्रांना तीन गोष्टी सांगतो. एक, कॅमेऱ्याचा कंपनीनं दिलेला पासवर्ड आजच बदला. राजकोटच्या एका रुग्णालयातलं महिला रुग्णांचं चित्रीकरण बाहेर गेलं आणि त्याचा बोभाटा २०२५ मध्ये झाला, ते अशाच सोप्या पासवर्डमुळं. दोन, फुटेज व्हॉट्सअपवर फिरवू नका. कोर्टात ते टिकवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि फिरवलेल्या फुटेजमधला अंधूक माणूस कुणाचाही पोरगा ठरवला जातो. तीन, कॅमेऱ्याचं तोंड आपल्या कुंपणाकडं असू द्या, शेजारच्या वस्तीकडं नको.

पोलीस बांधवांनाही एक विनंती. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण जपून ठेवायला सांगितलंय. आम्ही व्यापाऱ्यांना कॅमेरे लावा म्हणतो, तसे ठाण्यातले कॅमेरेही चालू आहेत ना, हे विचारायचा आम्हाला हक्क आहे. चौकशीला नेलेल्या पोराचंही संरक्षण त्यातच आहे.

गेल्या महिन्यात मी वस्तीवर गेलो होतो. मावशींना म्हणालो, चुकलं माझं. त्यांनी चहा ठेवला. पोरगं कारखान्यावरच होतं. चहा पिताना त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, तवा छापलं त्ये समद्यांनी वाचलं. आता ह्ये कोण वाचंल?"

मावशी, म्हणून ही पोस्ट. त्या तीन पोरांचा त्या चोरीशी काही संबंध नव्हता. बातमी मी दिली होती, चूक माझी होती.

ती बातमी ज्यांनी तेव्हा वाचली, फॉरवर्ड केली, त्यांनी हेही पुढं पाठवावं. एवढंच मागणं आहे.