पावणेआठची हजेरी

रात्रशाळेची घंटा साडेसहाला व्हायची. पहिल्या वर्षी घंटा झाली की मी लगेच हजेरी घ्यायचे आणि निम्म्याहून अधिक नावांपुढे 'गै.' लिहून मोकळी व्हायचे. बीएडला शिकलेली शिस्त अंगात पुरती मुरली होती.

लालबाग-परळचा तो भाग. १९८२ साली दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली झालेल्या गिरणी संपाला दहा-बारा वर्षं उलटली होती. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते. वडिलांची गिरणी सुटली, तशी कितीतरी घरांतल्या पोरांची शाळाही सुटली. कुणी भाजीबाजारात लागलं, कुणी छापखान्यात, कुणी कॅन्टीनमध्ये. त्यातली काही वर्षांनी आमच्याकडे येत. दिवसा जिथे पालिकेची प्राथमिक शाळा भरायची, तिथेच रात्री आमचे आठवी ते दहावीचे वर्ग. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे वीस-बावीस वर्षांचे विद्यार्थी पाय बाहेर काढून तिरके बसत.

दहावीतला एक मुलगा भूमितीच्या तासाला रोज डुलक्या घ्यायचा. एकदा मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. तो मुकाट्यानं गेला. तास संपल्यावर त्याचा शेजारी म्हणाला, "बाई, तो पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात असतो." दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बाकाशी गेले. झेंडूनं बोटं पिवळी झालेली, वहीचे कोपरेही पिवळे. आदल्या दिवशीचं प्रमेय मात्र मित्राच्या वहीतून आकृतीसकट उतरवून घेतलेलं. मी त्याची माफी मागितली. मग मुख्याध्यापकांना विनंती करून हजेरी पावणेआठवर नेली आणि पहिला तास उजळणीचा ठेवला, म्हणजे कामावरून धावत येणाऱ्याचा नवा धडा बुडत नसे.

गोष्ट एवढीशीच, पण माझं पुढचं सगळं काम तिच्यातून निघालं. दिवसभर राबणाऱ्याची शाळा त्याला सवड असेल तेव्हाच भरायला हवी, हे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ सालीच ओळखलं होतं. पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी त्यांनी रात्रीची शाळा काढली होती. मला ते कळायला फुलवाल्या मुलाची वही पाहावी लागली.

पुढे घरकाम करणाऱ्या बायकांसाठी दहावीचा वर्ग काढायचं ठरलं, तेव्हा वेळ मी त्यांनाच विचारली. सकाळची धुणीभांडी उरकल्यापासून संध्याकाळच्या पोळ्यांना जाईपर्यंत दुपारी दोन ते चार त्या मोकळ्या असत. मग वर्ग दोन ते चार, गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत, सतरंजीवर. परीक्षा बाहेरून द्यायची, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या शाळांना पत्रं लिहायची, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची नावं शोधून घ्यायची. दाखल्यावर नाव माहेरचं, बाकी कागदांवर सासरचं. दाखला सापडलाच नाही, तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. बीजगणित सुरू होण्याआधी महिना-दोन महिने यातच जात, आणि बऱ्याच जणी इथेच हात टेकत. त्यामुळे हे कागद गोळा करणं मी अभ्यासक्रमाचाच भाग मानलं.

एका मावशींचा दाखला गावाहून आला. त्या एकेक रकाना बोटानं वाचत गेल्या आणि 'शाळा सोडण्याचे कारण' इथे थांबल्या. पुढे लिहिलं होतं, 'सतत गैरहजर'.

"धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं होतं मला," त्या म्हणाल्या. "बाई, एवढं लिहायला जागा नव्हती का हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला माझी पहिल्या वर्षाची हजेरीपुस्तकं आठवली. त्यातले 'गै.' किती जणांच्या दाखल्यावर असेच उतरले असतील?

मावशी दहावी झाल्या. गणित दुसऱ्या खेपेला सुटलं. बोर्डाची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच असते, पास व्हायला लागणारे ३५ गुणही तेच. त्यात त्यांना सूट नको होती. त्यांना हवे होते दुपारचे दोन तास आणि एक दाखला.

आता नव्यानं रात्रशाळेत येणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सांगते: 'गै.' लिहिण्याआधी जरा थांबा, जिन्यात पावलं वाजतायत का ऐका. आणि नाहीच आलं कुणी, तर दुसऱ्या दिवशी कारण विचारा.