शिपायाची पेन्शन

आपल्या समाजात लष्कराचा विषय निघाला की बोलणे भीमा कोरेगावपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. १ जानेवारी १८१८ ची लढाई, स्तंभावरची 'नाक' प्रत्यय असलेली नावे, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथे दिलेली भेट. हा अभिमान खोटा नाही. पण शिपाई लढाईत काही दिवस असतो, पलटणीत काही वर्षे असतो आणि उरलेले सगळे आयुष्य गावात काढतो. त्या उरलेल्या आयुष्याबद्दल आपण फार कमी बोलतो. माझे म्हणणे असे आहे की आपली चळवळ उभी राहिली ती शिपायाच्या शौर्यापेक्षा त्याच्या पेन्शनीवर.

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो आजोबांनी. ते महार रेजिमेंटचे माजी सैनिक. शेवटची काही वर्षे ते भाईंदरला माझ्याकडे होते. एका रविवारी त्यांना उत्तनजवळच्या चौक गावी धारावी किल्ला बघायला नेले. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत या किल्ल्यासाठी पोर्तुगीज आणि मराठे झुंजले. आज तिथे चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. आजोबांनी पुतळा पाहिला, खाली समुद्राकडे पाहिले आणि विचारले, "बाय, तोफा ह्या टेकाडावर कुणी चढवल्या, ते लिवलंय का कुठं?" लिहिलेले नव्हते. १९५५ साली ते भरती झाले तेव्हा महार ही मशिनगन रेजिमेंट होती. मशिनगनची लोखंडी तिवई पाठीवर घेऊन डोंगर चढलेल्या माणसाला हाच प्रश्न पडणार.

आजोबा दापोली तालुक्यातले. १९५६ ची धम्मदीक्षा झाली तेव्हा ते मध्य प्रदेशात सागरच्या प्रशिक्षण केंद्रात होते. पुढच्या रजेत घरी येऊन त्यांनी देव्हारा उतरवला. पण त्याआधीच त्यांनी एक मोठे काम केले होते. पहिल्या पगारापासून ते दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत. सहा महिन्यांनी त्यांनी पणजोबांना पत्र लिहिले : आता गावकीची कामे बंद करा, मेलेले ढोर ओढायला जाऊ नका, कुणाच्या दारात भाकरी मागायला उभे राहू नका. पणजोबांनी ऐकले. गावाने तीन महिने त्यांना मजुरीवर बोलावले नाही. तरी घर चालले, कारण पोस्टमन येत होता.

मी समाजशास्त्रात एम.ए. केले. 'सामाजिक गतिशीलता' हा शब्द पुस्तकात शिकले. त्याचा अर्थ मात्र मला या मनीऑर्डरीत सापडला. बलुते हे गावाच्या मर्जीवरचे उत्पन्न होते. गाव देईल ते खायचे आणि गाव सांगेल ते करायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. ज्या घरात लष्कराचा पैसा येत होता, त्या घराला कायद्याची वाट पाहावी लागली नाही.

हे आमच्याच घरापुरते नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. पेन्शनर शिपायांची ती वस्ती होती. तिथूनच त्यांनी अस्पृश्यतेवर लेखणी चालवली, अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली आणि महारांची लष्करभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये सरकारसाठी अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते. पलटणीतल्या शाळेने या माणसांना अक्षर दिले आणि पेन्शनीने ते अक्षर गावाला न घाबरता वापरायची सोय दिली. भरती बंद झाली तेव्हा फक्त नोकऱ्या गेल्या नाहीत, अशी माणसे तयार होण्याची वाटच बंद झाली. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी हे नुकसान लोकांपुढे मांडले होते. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये उभी केलेली १११ महार ही पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

आजोबा १९६५ च्या युद्धात होते, पण ते त्यावर फार बोलत नसत. पंधरा वर्षांची नोकरी करून ते परतले. काही वर्षे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यावर रखवालदारी केली, मग गावी जाऊन भात आणि नाचणी. लष्करात एका पंगतीत जेवलेल्या माणसाला गावातल्या हॉटेलात चहा फुटक्या कपातच मिळाला. त्यांनी त्या हॉटेलात जाणे सोडले आणि आपल्या पडवीत लोकांचे अर्ज लिहायला सुरुवात केली. विधवांची पेन्शन, सातबारावरची चूक, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला. एका वहीत ते प्रत्येक अर्जाची तारीख आणि निकाल लिहून ठेवत. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले तोवर पाच वह्या भरल्या होत्या. नोकरी पंधरा वर्षांची, पेन्शन पन्नासहून अधिक वर्षांची. समाजाला जे मिळाले ते मुख्यतः या पन्नास वर्षांत.

म्हणून २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेकडे मी देशभक्तीच्या घोषणांतून पाहू शकत नाही. चार वर्षे सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना एकरकमी निधी आणि पेन्शन नाही. एकरकमी पैसा लग्नात, कर्जात, घराच्या छपरात जातो. पेन्शन दर महिन्याला येते आणि माणसाला दर महिन्याला 'नाही' म्हणण्याची ताकद देते. भूमिहीन घरातल्या पोरासाठी हा फरक जगण्याचा आहे. आपल्या संघटना कोरेगावला लाखोंनी जमतात. त्या स्तंभासमोर उभे राहून आपण या प्रश्नावर बोललो नाही, तर आपण मेलेल्या शिपायाला मानवंदना देतो आणि जिवंत शिपायाला वाऱ्यावर सोडतो, असेच म्हणावे लागेल.

दुसरी विनंती घरातल्या घरात करता येण्यासारखी आहे. कोकणात, सातारा-साताऱ्याच्या डोंगरात, विदर्भात ज्यांच्या घरी जुनी लष्करी ट्रंक आहे, त्यांनी ती उघडावी. डिस्चार्ज बुक, मनीऑर्डरच्या पावत्या, अर्जांच्या नकला रद्दीत देऊ नका. तारखेसह उतरवून ठेवा, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून घ्या. उद्या आपला इतिहास कुणी लिहायला बसला, तर तोफा कुणी चढवल्या हे त्याला या कागदांतूनच कळणार आहे.

जय भीम.